पद्मिनीला निरोप, फार्गोला भंगार

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, तेव्हा दोन दिवस सगळं इन्स्टा काळं-पिवळं झालं होतं. ज्यांनी जन्मात कधी हात दाखवून टॅक्सी थांबवली नाही, त्यांच्याही स्टोरीवर रडका इमोजी होता. एक तरी पद्मिनी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनेही केली होती. मला त्यात खोटं काही वाटलं नाही. प्रश्न एवढाच पडला, की याच कंपनीने पद्मिनीच्या कितीतरी आधी ट्रक बनवले होते, ते कुठे गेले? त्यांच्यासाठी कुणी स्टोरी का टाकली नाही?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यात डॉज आणि फार्गो हे ट्रकही होते. लांब नाकाचे, गोल डोळ्यांचे, जुन्या हिंदी सिनेमात घाटात दिसतात तसे. कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी आहे. रस्त्याचं नाव तेवढं प्रीमियर रोड राहिलंय.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी, सांगली जिल्ह्यात, असा एक फार्गो आहे. तिच्या आजोबांनी त्यातून वर्षानुवर्षं हळद आणि गूळ मुंबईला नेला. मग तो गोठ्यामागे चिंचेखाली उभा राहिला तो राहिलाच. भंगारवाला येऊन वजनाचा हिशेब मांडून गेला, तेव्हा तिच्या काकांनी ठरवलं की विकायचा नाही, चालू करायचा. दोन वर्षं झाली, काम चाललंय. मी चार-पाच वेळा जाऊन आले. माझं मत तिथेच पक्कं झालं: आपल्याकडे 'विंटेज' हा शब्द श्रीमंतांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलाय, आणि कायद्यानेही त्याच्यावर शिक्का मारलाय.

कायद्याकडे येतेच. आधी पार्ट्सचं सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे.

आपल्याला वाटतं, जुन्या गाडीचा पार्ट मिळत नाही म्हणजे मिळत नाही. पण काकांचे मिस्त्री सत्तरीचे आहेत आणि त्यांचं म्हणणं वेगळंच. "पोरी, गाडीचं नाव सांगून दुकानात जायचंच न्हाई. माप घेऊन जायचं." बेअरिंगला आपण कुठल्या ट्रकमध्ये बसलोय हे माहीत नसतं. त्याच्या कडेवर कोरलेला नंबर वाचायचा, तोच नंबर दुसऱ्या कंपनीचा मिळतो. ऑइल सीलची तीन मापं लागतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ती जुळली की तो सील कुठल्याही गाडीचा असो, आपला. टायरचंही फार अडत नाही, कारण वीस इंची रिमचे ट्रक आजही रस्त्यावर आहेत. आणि फार्गोचा पार्ट मिळाला नाही तर डॉजचा मागायचा. क्रायस्लर एकच ट्रक वेगवेगळ्या नावांनी विकायची, जाळी आणि बिल्ला तेवढा वेगळा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका दुकानदाराने 'फार्गोचं काही नाही' म्हणून हात झटकले होते. डॉज म्हटल्यावर तो पोटमाळ्यावर चढला.

इंजिनाची कथा तर अजून भारी. या ट्रकचं मूळ इंजिन पेट्रोलवर चालणारं, सहा सिलिंडरचं. पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी मालकांनी ते काढून पर्किन्सचं पी-६ डिझेल इंजिन बसवलं. इंजिन इंग्लंडच्या पर्किन्सचं. पुढे मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सची इंजिनं आपल्याकडेच बनवायला घेतली. पी-६ चा धाकटा भाऊ पी-३, तीन सिलिंडरचा. दोघांच्या सिलिंडरचं माप एकच, साडेतीन इंच बोअर आणि पाच इंच स्ट्रोक. त्यामुळे पी-६ चं सामान सापडलं नाही तर पी-३ चं शोधायचं. काकांना लायनर असेच मिळाले, एका बंद पडलेल्या जनरेटरवाल्याकडे.

याचा एक मजेशीर परिणाम होतो. चेसिसचे नट-बोल्ट अमेरिकी आट्यांचे, इंजिनाचे ब्रिटिश आट्यांचे. एकाच ट्रकसाठी पान्यांचे दोन संच लागतात. त्यात डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे, म्हणजे आपण सोडवतोय असं समजून आवळतच राहतो. मिस्त्री हे नव्या पोराला आधी सांगत नाहीत. पाच मिनिटं गंमत बघतात, मग सांगतात.

जे कुठेच मिळत नाही ते बनवावं लागतं. वॉटर पंपचं बिडाचं हाउसिंग तडकलं होतं. ते घेऊन काका कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेले. तिथे आधी लाकडाचा पॅटर्न होतो, आणि तो मूळ पार्टपेक्षा किंचित मोठा करतात, कारण ओतलेलं बीड थंड होताना आकसतं. किती आकसतं, याचा हिशेब मांडलेली वेगळी पट्टी पॅटर्नवाल्याकडे असते. मी इंजिनीअरिंगची नाही, पण ती पट्टी हातात घेतल्यावर मला माझ्या डिग्रीबद्दल जरा वाईटच वाटलं.

आता कायदा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नोंदणी दहा वर्षांची. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते. चांगलीच तरतूद आहे. पण तिच्यातली व्याख्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी इथेच थांबते. मालवाहू गाडी त्यात नाही. म्हणजे कुण्या संस्थानिकाची परदेशी मोटार हा वारसा, कॉलेजच्या प्राध्यापकांची स्कूटर हाही वारसा, आणि ज्या ट्रकने गावचा गूळ मुंबईला पोचवला तो फक्त जुना ट्रक. त्याला धंद्याच्या गाडीसारखीच दरवर्षी फिटनेसची परीक्षा, धंदा करत नसला तरी.

बरं, उद्या ट्रकचा समावेश केला तरी दुसरी अट आडवी येते. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. कारला हे ठीक आहे. ट्रकचं मूळ रूप म्हणजे काय? आपल्याकडे कंपनीतून बहुतेक वेळा चेसिस, इंजिन आणि बोनेटपर्यंतचा पुढचा भागच यायचा. केबिन आणि हौदा गावोगावचे बॉडीवाले बांधायचे. सुतार लाकडाचा सांगाडा करणार, लोहार पत्रा ठोकणार, पेंटर नाव घालणार. दोन फार्गो एकसारखे असतील तर तोच अपघात समजायचा. आणि पर्किन्स बसवलेला ट्रक या अटीत नापास, जरी ते इंजिन त्यात पन्नास-साठ वर्षं असलं तरी. माझ्या मते तो बदल हाच त्या ट्रकचा इतिहास आहे. पेट्रोल महाग झालं, मालकाने कर्ज काढलं, इंग्लंडचं इंजिन अमेरिकी चेसिसमध्ये आपल्या मिस्त्रीने बसवलं. ते उपटून कुठून तरी पेट्रोल इंजिन आणून बसवायचं आणि त्याला 'ओरिजिनल' म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

ट्रकला सवलत दिली तर तिच्या आडून लोक खटारे धंद्यात चालवतील, अशी भीती सरकारला असू शकते, आणि ती उगाच नाही. आपल्याकडे पळवाट दिसली की तिचा हायवे होतो. पण धंद्याच्या वापराला बंदी नियमात आहेच. हौदा रिकामा हवा, एवढी एक ओळ वाढवली तर नाक्यावरचा पोलीसही एका नजरेत तपासू शकतो. धुराचं म्हणाल तर वर्षातून चार वेळा बाहेर पडणाऱ्या दोन-पाचशे ट्रकांनी हवा बिघडत नाही. इंग्लंडमध्ये जुन्या व्यावसायिक वाहनांची लंडन ते ब्रायटन रॅली निघते, लॉऱ्या, बस, व्हॅन सगळं. आपल्याकडे नगरला रणगाड्यांचं अख्खं संग्रहालय आहे आणि ते बघायला सहली जातात. रणगाडा चालतो, मग ट्रक का नाही?

सगळेच ट्रक वाचवा असं मी म्हणत नाही. जागा कुणाकडे आहे? आणि पुनर्बांधणीच्या नावाखाली क्रोम चढवून, एलईडी लावून लग्नात फिरवायचे प्रकारही मला आवडत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे पुण्यात एका कॅफेच्या भिंतीवर मी फार्गोची जाळी टांगलेली बघितली, खाली सेल्फी पॉइंट. तीच जाळी काका वर्षभर शोधत होते.

घाई मात्र आहे, कारण पार्ट्सपेक्षा माहिती लवकर संपतेय. कशाला काय चालतं, हे कुठल्या पुस्तकात नाही. सत्तरी ओलांडलेल्या मिस्त्रींच्या आणि पोटमाळेवाल्या दुकानदारांच्या डोक्यात आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या मोडीत काढायचा नियम लागू झालाय, म्हणजे नगरपालिकांच्या आवारातले जुने टँकरही जाणार. जाऊ देत, पण मोडण्याआधी एकदा कुणी वही-पेन घेऊन बघायला नको का?

हे काम आपल्या वयाच्या लोकांचं आहे असं मला वाटतं. मेकॅनिकलला फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून दरवर्षी तेच सोलर काहीतरी आणि तेच रोबो असतात, निम्मे विकत आणलेले. त्याऐवजी एका तडकलेल्या हाउसिंगचं माप घ्या, ड्रॉइंग काढा, पॅटर्न करून ओतून आणा. आमच्या मास कॉमवाल्यांनी मिस्त्रींना बोलतं करावं. मी रेकॉर्डिंग सुरू केलंय, तीन तास झालेत आणि अजून गिअरबॉक्सपर्यंत आलो नाही.

सध्या काम अडलंय ते स्टिअरिंग बॉक्सवर. आतला वर्म झिजलाय. कुर्ल्यात नाही, पुण्याच्या नाना पेठेत नाही, आणि असा पार्ट लेथवर सहज निघत नाही. तुमच्या कुणाच्या गावी गोठ्यामागे डॉज किंवा फार्गो उभा असेल, तर भंगारवाल्याला फोन लावण्याआधी घरच्यांशी एकदा बोला. नाकावरच्या बिल्ल्याचा, चेसिस नंबरचा आणि केबिनवर कुणा पेंटरने घातलेल्या नावाचा फोटो काढून ठेवा. आणि स्टिअरिंग फिरतंय का, तेवढं बघा.