हरवलेले भाग आणि कपाटातल्या कॅसेट

आज आवडीहून एका परदेशी मालिकेची गोष्ट सांगते. गोष्ट विज्ञानकथेची आहे, पण ती येऊन पोचते आपल्याच कपाटापाशी.

'डॉक्टर हू' ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर सुरू झाली. निळ्या पोलीस-पेटीतून काळात फिरणारा डॉक्टर तिचा नायक. तेव्हा व्हिडिओ टेप महाग असायची. त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की ती पुसून पुन्हा वापरत. लोक मालिका विकत घेऊन घरी बघतील, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. रंगीत टीव्ही आल्यावर तर कृष्णधवल भागांची किंमतच उरली नाही. १९७८ पर्यंत ही पुसापुशी चालली.

मग घरोघरी व्हीसीआर आले. १९८३ साली मालिकेची पहिली कॅसेट निघाली, किंमत जवळजवळ ४० पौंड! चाहत्यांना हवी होती १९६७ ची 'द टूम ऑफ द सायबरमेन', असं सांगतात. पण तिचा एकही भाग शिल्लक नव्हता. म्हणून 'रिव्हेंज ऑफ द सायबरमेन' ही दुसरी कथा आली.

नशीब असं, की परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढलेल्या असत. 'टूम'चे चारही भाग हाँगकाँगमध्ये सापडले आणि १९९२ साली कॅसेटवर आले. पुढे त्यांची डीव्हीडीही निघाली. २०१३ साली नायजेरियात सापडलेले ९ हरवलेले भाग जाहीर झाले. तरीही बरेच भाग आजही बेपत्ता आहेत.

आवाज मात्र प्रत्येक भागाचा आहे! त्या काळी काही चाहते घरी टीव्हीवरून आवाज टेप करून ठेवत. त्याच आवाजावर 'द पॉवर ऑफ द डालेक्स' ही हरवलेली कथा २०१६ साली ॲनिमेशनमध्ये उभी राहिली. एवढ्या मोठ्या संस्थेने पुसलेलं घरच्या टेपरेकॉर्डरने राखलं.

आता आपल्याकडे बघू. आवडीत रणगाडा कारखान्यामुळे देशभरातली कुटुंबं आली, त्यांत मराठीही. बदलीच्या सामानात लग्नामुंजीच्या कॅसेट असतातच. इथली हवा दमट, त्यामुळे टेपला बुरशी लागते. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली उत्पादन थांबवलं. म्हणजे टेप खराब होतेय आणि ती वाजवणारं यंत्रही दुर्मीळ होतंय.

तेव्हा एवढं करा. कॅसेट उभ्या आणि कोरड्या जागी ठेवा. पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. डिजिटल प्रती दोन काढा: एक घरी, एक गावी भावाबहिणीकडे. नावं, साल आणि गाव लिहून ठेवा. कॅसेटमध्ये कोण कोण आहे हे सांगणारी आजी आहे, तोवर तिच्या शेजारी बसून हे काम उरका.