देणगीदार शेजारी असतो तेव्हा

लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या परिसरात काम करणाऱ्या संस्थांना देणगीदार शोधत मुंबई गाठावी लागत नाही. तो महामार्गालगतच आहे. कायद्याची सक्ती येण्यापूर्वी, २००७ मध्येच, घरडा फाउंडेशनने लवेलला अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले होते. पुढे २०१४ पासून कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करायला लावले आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितले. देणारा जवळ आला, हे चांगलेच झाले.

पण इथला देणारा नुसता देणारा नसतो. तोच गावातल्या मुलांना नोकरी देतो. त्याच्याच वसाहतीचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून करंबवण्याजवळ खाडीत जाते, आणि दाभोळ खाडीत मासे मेल्याची तक्रार तिथले मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत. कारखान्याच्या पैशावर बचत गट चालवणारी कार्यकर्ती याच घरांत जाऊन बसते. बैठकीत कर्जफेडीचा विषय संपला की बायका पाण्याच्या वासाबद्दल, रिकाम्या जाळ्यांबद्दल बोलतात. तिमाही अहवालात किती महिला हजर होत्या याला रकाना असतो; त्या काय म्हणाल्या याला नसतो.

कार्यकर्तीने हे सीएसआर अधिकाऱ्याला सांगितलेच, तर उत्तर ठरलेले: तो विषय पर्यावरण विभागाचा. नियमाने ते बरोबरही आहे. अन्य कायद्यांनी घातलेली बंधने पाळण्यावरचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, आणि धरता कामाही नये. पण खर्च वेगळा असला म्हणून ऐकून घेणे वेगळे ठरत नाही. गावाला हे विभाग दिसत नाहीत, कारखाना एकच दिसतो.

संस्था गप्प का राहतात, हे आपल्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. करार एका वर्षाचा, गंगाजळी शून्य, आणि पुढच्या वर्षीचे पगार त्याच अधिकाऱ्याच्या सहीवर. त्यात ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको’ हे वाक्य प्रत्येक वाटाघाटीत कायदा म्हणून ऐकवले जाते. नियमातली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. प्रकल्प आखणे, राबवणे, त्यावर देखरेख ठेवणे यांचा थेट खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्तीचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. तो ५ टक्क्यांत कोंबायला कायदा सांगत नाही, आणि संस्थांनी हे नियम दाखवून ठामपणे सांगितले पाहिजे.

वर्षभराच्या कराराचेही तसेच. वनराई बंधारा घालायचा तर पाऊस ओसरल्यावर, ओढ्याला धार असतानाच माती भरलेल्या पोत्यांची रास लावावी लागते. मंजुरी जानेवारीत आली तर अडवायला पाणीच उरत नाही. मग मार्चमध्ये घाईने ‘काहीतरी दिसेल असे’ सुचवा म्हणून फोन येतो आणि बाकडी येतात. वास्तविक कायद्यात चालू प्रकल्पाची सोय आहे: सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षे. त्यातली न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढे वापरता येते. फोर्ड फाउंडेशनने २०१६ पासून ‘बिल्ड’ या कार्यक्रमात निवडक संस्थांना पाच-पाच वर्षांचे, कशावर खर्च करायचे ते संस्थेवर सोडलेले अनुदान दिले. आपल्या कंपन्यांनी एकदम तिथवर जावे असा आमचा आग्रह नाही. तीन वर्षांचा शब्द द्यावा, एवढे तरी व्हावे.

असा शब्द मिळालेल्या संस्थेकडूनच कारखान्याला खरी बातमी कळेल. आमच्या मते लोट्यासारख्या ठिकाणी करारातच एक कलम असावे: संस्थेने गावाची तक्रार, मग ती प्रदूषणाची का असेना, लेखी कळवली तर त्या कारणाने अनुदान थांबणार नाही. आणि दुसरे कलम: दर सहा महिन्यांनी कारखान्याचा प्रमुख, म्हणजे सीएसआर अधिकारी नव्हे, गावकरी आणि मच्छीमार यांच्यासमोर बसेल. त्या बैठकीचे इतिवृत्त मराठीत लिहून ग्रामपंचायतीत ठेवले जाईल. पुढच्या आर्थिक वर्षाचे मसुदे हाती येतील तेव्हा सही करण्याआधी संस्थांनी ही दोन कलमे मागावीत. एकेकटीने मागितली तर नकार सोपा असतो. खेड-चिपळूणच्या संस्थांनी मिळून मागावीत.