अभाव कशाचा?

एका वाचकांचें लांबलचक पत्र आमच्यापुढें आहे. वय 40 च्या पुढें, एकत्र कुटुंबांतले गृहस्थ, आणि विषय गुह्यभागाच्या त्वचेचा. 10 महिने तेथें लाली, खाज व आग आहे. रक्तांतील साखर पाहिली, व्ही. डी. आर. एल. झाली, एच. आय. व्ही.ची तपासणी 3 महिन्यांनंतर पुन्हां झाली. सर्वत्र 'दोष नाहीं'. तरी आग राहिली, आणि घरांतला न बोललेला संशयहि राहिला. असला विषय या पानांत कशाला, असें कोणी म्हणेल. पण जेथें एकाच्या औषधाची बाटली दहा जण पाहतात, तेथें दुखणें लपविणें हेंच दुसरें दुखणें होऊन बसतें.

नैयायिकांस नुसतें 'अभाव' म्हणून चालत नाहीं; कशाचा अभाव, तो प्रतियोगी सांगावा लागतो. भूतलावर घट नाहीं एवढ्यावरून तेथें पटहि नाहीं असें ठरत नाहीं. या तपासण्यांनीं उपदंशाचा, म्हणजे लोक ज्यास गरमी म्हणतात त्याचा, आणि एच. आय. व्ही.चा अभाव सांगितला, तो मानावा. तीच तपासणी पुनःपुन्हां करून दुसरें कांहीं निघणार नाहीं. त्वचेचे कित्येक विकार रक्तांत दिसतच नाहींत. ते अनुभवी डोळ्यांस दिसतात, किंवा त्वचेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावर कळतात.

पत्राच्या शेवटीं, जणूं किरकोळ गोष्ट म्हणून, गृहस्थ लिहितात कीं, ते दिवसांतून 3 वेळां जंतुनाशक द्रावणानें तो भाग धुतात आणि दुकानदारानें दिलेलें मलम 8 महिने लावीत आहेत. आमच्या मतें पत्राचा गाभा येथें आहे. साबण व जंतुनाशकें तेथल्या नाजूक त्वचेची स्वतःच आग करतात. दुकानांतल्या पुष्कळ मिश्र मलमांत स्टेरॉइड असतें: लावलें कीं दोन दिवस आराम, सोडलें कीं आग पुन्हां दुणावते; त्वचा पातळ होते, आणि मूळचें गजकर्ण असेल तर तें रूप पालटून पसरतें. 2018 सालीं सरकारनें अशा कित्येक मलमांस डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली. तरी हात पुढें केला कीं नळी हातीं पडते, हा आपल्याकडचा व्यवहार!

आणखी एक विचारावेंसें वाटतें. डाग दर वेळीं त्याच जागीं उठतो काय, आणि त्याआधीं अंगदुखीची वा जंतुनाशक गोळी पोटांत गेली होती काय? औषधामुळें उठणाऱ्या अशा डागास ही जागा विशेष मानवते.

स्त्रियांचें दुखणें तर पत्रांतहि येत नाहीं. ऋतु गेलेल्या कित्येक काकू-आजी वर्षानुवर्षें खाज सोसतात. तेथील त्वचा पांढरी, चुरगळलेल्या कागदासारखी झाली असेल, तर तो लायकेन स्क्लेरोसस असूं शकतो. तो संसर्गानें येत नाहीं. वर्तनाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. उपेक्षा केल्यास त्वचा आंखडून मार्ग अरुंद होतो, थोड्या जणींस पुढें कर्करोगहि होतो. गंमत अशी कीं, येथें तीव्र स्टेरॉइड मलम हाच मुख्य उपाय. मात्र तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीं.

गृहस्थांनीं त्वचारोगतज्ज्ञांकडे जावें. सर्व नळ्या, गोळ्यांचीं वेष्टणें व जुने अहवाल एका पिशवींत न्यावे. दाखविण्यास संकोचूं नये. आजवर, त्यांच्याच लिहिण्यावरून, प्रत्यक्ष त्वचा कोणी पाहिलेलीच नाहीं. तोंवर साध्या पाण्यानें धुवावें. मलम एकदम सोडावें कीं हळूहळू, तें डॉक्टरांनाच विचारावें. आणि जातांना पत्नीस बरोबर न्यावें. डॉक्टर जें सांगतील तें तिनें त्यांच्याच तोंडून ऐकावें.