म्हणे नवे टायर!

परवा शनिवारी गाडीला चार नवे टायर टाकले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून, बिल भरून घरी आलो आणि सहज टायरवरच्या डीओटी कोडकडे नजर गेली. शेवटचे चार आकडे ३८२०. म्हणजे २०२० सालचा ३८वा आठवडा! टायर नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो. रबर कडक होतं, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते.

दुकानदार म्हणतो, "साहेब, वापरलेला नाहीये ना? मग नवाच!"

वा रे न्याय! ब्रेडची तारीख बघणारे आपण, ज्या टायरांच्या भरवशावर घरच्यांना एक्सप्रेसवेवर नेतो त्यांची बघत नाही. चूक माझीही आहेच, पण म्हणून त्याची लबाडी माफ होत नाही.

तेव्हा मंडळी, टायर चढवायच्या आधी ते चार आकडे वाचा. जुने निघाले तर सरळ दुसरं दुकान गाठा.