गप्प बसण्याची नसीहत

आपल्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांची तरुणांना एक ठरलेली नसीहत असते : ‘बेटा, इंटरनेटवर राजकारणाचं काही लिहू नको. आपलं नाव बघतात.’ ती मायेपोटी दिली जाते हे मान्य. पण ती बरोबर आहे काय?

दाखला नेहमी पालघरचा. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. सारे बंद होते. पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर लिहिले की, हा बंद आदरापोटी नव्हे, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने त्यावर ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली. (मान डोलावल्याबद्दल अटक!) काकांच्या दवाखान्याची नासधूस झाली. इथवरची गोष्ट सर्वांना पाठ आहे. मैत्रीण मुसलमान नव्हती, हे मात्र कोणी सांगत नाही. पुढे गुन्हा मागे घेतला गेला, पोलीस अधिकारी निलंबित झाले. याच अटकेमुळे दिल्लीच्या एका तरुणीने सर्वोच्च न्यायालय गाठले आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. दोन ओळींनी कायदा पडला.

भीती खोटी नाही. रद्द झालेल्या कलमाखालीही गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१ मध्ये न्यायालयानेच त्यावर आश्चर्य व्यक्त केले. पण गप्प बसून कोण वाचले? २ जून २०१४ रोजी हडपसरला जमावाने एका मुस्लिम आयटी तरुणाला ठार मारले. फेसबुकवरच्या ज्या विटंबनेवरून जमाव भडकला, तिच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. २०२३ मध्ये सगळे आरोपी सुटले.

आणि आपण खरेच गप्प आहोत का? फजरपासून फोनवर फॉरवर्ड सुरू होतात. लेखकाचा पत्ता नाही, तारीख नाही. त्याला बोलणे म्हणायचे? मतदार यादीत आपले नाव आहे की गळाले, हे त्याच फोनवर पाहता येते. माहिती अधिकाराचा अर्जही त्यावरून करता येतो. तुंबलेल्या गटाराबद्दल स्वतःच्या नावाने, मराठीत, नगरसेवकाला जाब विचारता येतो. ते किती जण करतात?

मुलींना तर ही नसीहत दुप्पट मिळते. मशिदीच्या कमिटीत तिला जागा नाही, वॉर्डाच्या बैठकीला तिला पाठवत नाहीत. आता हातातला फोनही काढून घ्यायचा, तर तिने बोलायचे कुठे, हे त्या बापांनीच सांगावे.