गाडी खाली बसवण्यापूर्वी



मध्यंतरी राहाता तालुक्यात एका डाळिंबाच्या बागेवर गेलो होतो. पाहणी झाली, चहा झाला आणि घरच्या थोरल्या मुलाने आपली मोटार दाखवली. म्हणाला, "साहेब, हिला लोअरिंग स्प्रिंग टाकतोय. फक्त तीस मिलिमीटर खाली. वळणावर बघा कशी चिकटून चालेल!" ओसरीवरून आजी म्हणाली, "आधीच कंबर मोडतीय माझी, आता आणखी खाली कुठं नेतो?"

दोघांचेही बरोबर आहे. गाडी खाली आली की वळणावर कमी कलते. पण चाकाला वर सरकायला जागा कमी उरते, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. मग खड्ड्याचा दणका आत बसलेल्याला जास्त लागतो. आपल्या वस्तीच्या वाटेवर तर पावलोपावली!

आता हिशेब करू. रिकाम्या गाडीच्या पोटाखाली 170 मिलिमीटर जागा आहे असे धरा. पाच माणसे आणि डिकीत सामान घातले की ती 40 ते 50 मिलिमीटर बसते. त्यात हे 30 गेले. उरले 90 ते 100. मानकाप्रमाणे गतिरोधक 100 मिलिमीटर उंच, पण 3.7 मीटर रुंद असतो. त्यावरून गाडी अलगद जाते. गावोगावचे आखूड, उभे गतिरोधक आणि बैलगाडीवाटेचा मधला उंचवटा मात्र मानक पाळत नाहीत. तिथे ऑइल चेंबर घासले की हौस महागात पडते.

माती तपासल्याशिवाय आपण खत टाकत नाही. तसेच गाडीचे करा:

1. गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक कोपरा जोराने दाबून सोडा. ती एक-दोन हेलकाव्यांत थांबली पाहिजे. डोलतच राहिली, तर शॉकॲब्सॉर्बर गेला.

2. शॉकॲब्सॉर्बरवर तेल ओघळले आहे का, रबरी बुश फाटले आहेत का, ते पाहा.

3. चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंतचे अंतर डावी-उजवीकडे मोजा. ठळक फरक असेल, तर स्प्रिंग बसली किंवा मोडली असेल.

एवढे करूनही खाली बसवायचीच असेल, तर आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला चारही स्प्रिंगांचा संच घ्या. त्याला जुळणारे शॉकॲब्सॉर्बर बसवा, चाकांचे अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूने झिजतील. दिव्यांचा झोतही तपासा. जुनी स्प्रिंग कापून किंवा तापवून गाडी कधीही खाली करू नका. कापलेली स्प्रिंग उडीवर जागेवरून निसटू शकते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. म्हणून आधी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीत विचारा.

आपल्या अहिल्यानगरजवळच संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तिथे वाहने खास चाचणीमार्गांवर चालवून तपासतात. गाडीचा तोल ठरवायला एवढा खटाटोप लागतो. तो अंदाजाने बदलू नये.

त्या मुलाच्या गाडीचे मागचे कोपरे आम्ही दाबून पाहिले. ती डोलतच राहिली. खाली वाकून पाहिले, तर मागच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरवर तेल ओघळलेले. "आधी हे बदल, मग महिनाभर चालवून ठरव," असे सांगितले. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. आजीला डॉक्टरांकडे नेऊन आणले होते, आणि येताना ती गाडीत झोपली होती. स्प्रिंगचा विषय त्याने काढला नाही.