कुलूप आणि शेजार

दिवाळी जवळ आली की पोलीस चौकीच्या फळ्यावर आणि गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकावर दरवर्षी तोच मजकूर झळकतो. गावी जाताना दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, दाराला भक्कम कुलूप लावा, कॅमेरे बसवा, घरकामाला येणाऱ्यांची माहिती पोलिसांना द्या. या सूचना चुकीच्या आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या ज्याच्यापाशी लॉकर आहे, ज्याच्या इमारतीला फाटक आहे आणि ज्याच्या घरी कामाला बाई येते, त्याला उद्देशून लिहिलेल्या असतात. त्या बाईच्या स्वतःच्या घरी चोरी झाली तर काय, याचा विचार फलकावर आढळत नाही.

सणासुदीला चोराचे का फावते, याचे कारण साधे आहे. एरवी बँकेत किंवा मालकाच्या खातेवहीत असलेला पैसा या पंधरवड्यात रोख रक्कम, सोने आणि कपडालत्ता या रूपांनी लोकांच्या हाती येतो. आणि नेमकी त्याच वेळी माणसे घरे बंद करून बाजारात, रेल्वेच्या फलाटावर आणि एसटीच्या रांगेत उभी असतात. बोनस हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न नसून कामगाराचा हक्क आहे, हे १९६५ च्या कायद्याने मान्य केले. पुढे त्याचे किमान प्रमाण ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, असे ठरले. गाडीत चढताना पाकीटमाराने तेवढी रक्कम लांबवली, तर कामगाराची एका महिन्याची कमाई गेली. सुखवस्तू कुटुंबाची तेवढीच रक्कम गेली तर हळहळ होते. कामगाराच्या घरी मात्र फराळ, पोरांचे कपडे आणि उसनवारीची फेड हे सारेच अडते. रक्कम सारखी असली तरी हानी सारखी नसते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते.

सुरक्षितता ही वस्तुतः रस्त्यावरच्या दिव्यासारखी सर्वांची वस्तू आहे. ती ज्याने त्याने विकत घ्यावी असे ठरले, की ऐपत असलेला फाटक उभारतो आणि चोर फाटक नसलेल्या वस्तीकडे वळतो. त्या फाटकावर जो उभा असतो तो सुरक्षारक्षक बहुधा बारा तासांची पाळी करतो आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुसऱ्याचे घर राखतो. खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी महाराष्ट्राने १९८१ साली स्वतंत्र कायदा केला. त्याचे संरक्षण आपल्या फाटकावरच्या माणसापर्यंत पोचले आहे काय, हे वाचकांनी त्यालाच विचारून पाहावे.

याहून गंभीर गोष्ट संशयाची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका घरात ऐन धनत्रयोदशीला सोन्याची बांगडी दिसेनाशी झाली. दुसरा विचार न करता कामाच्या बाईला उभे करण्यात आले. तिची पिशवी उलटीपालटी केली गेली. भाऊबीजेच्या दिवशी बांगडी कपाटातल्या पैठणीच्या घडीत सापडली. घरच्यांना हायसे वाटले, परंतु बाईची क्षमा मागण्याचे कोणाला सुचले नाही. तोवर तिची त्या इमारतीतली आणखी दोन कामे सुटली होती. बांगडी परत मिळाली; बाईची अब्रू आणि रोजी यांची भरपाई कोणी केली नाही. ही चोरी कोणत्याच दप्तरात नोंदलेली नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी या दिवसांत काही कामे नेटाने करावीत. वस्तीतले बंद पडलेले दिवे सणापूर्वीच नगरपालिकेकडून सुरू करून घ्यावेत. गावी जाणाऱ्या कुटुंबांची घरे कोणी पाहायची, हे गल्लीतल्या लोकांनी बसून वाटून घ्यावे. बोनसची रक्कम एकाच खिशात घेऊन गर्दीत शिरू नये आणि दागिन्यांची पिशवी गाडीच्या टपावर वा फळीवर न ठेवता अंगाशी ठेवावी, हे कामगार बंधुभगिनींना समक्ष सांगावे. दूरध्वनीवरून कोणी सांकेतिक अंक मागितले किंवा अटकेची धमकी दिली, तर बोलणे तिथेच तोडावे. दूरध्वनीवरून अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. खात्यातून पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

कायदाही माहीत असावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळावी लागते. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परतू नये. तसेच साक्षीसाठी स्त्रीला तिच्या राहत्या घराखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. आणि अपवादात्मक परिस्थितीत दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याविना, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी तिला अटकही करता येत नाही. घरकामगार भगिनींवर आळ आला, की त्यांच्यासोबत ठाण्यात जाऊन हे सांगणारे कोणीतरी असले पाहिजे. ते काम आपले आहे.

चाळीत राहिलेल्यांना आठवत असेल, की गावी जाताना किल्ली शेजारी ठेवण्याची तिथे रीत होती. त्या काळी चोऱ्या होत नव्हत्या असे नाही. परंतु शेजाऱ्याच्या दाराशी अनोळखी माणूस दिसला तर ‘कोण पाहिजे?’ असे विचारणे हे आपले काम आहे, असे प्रत्येकाला वाटत होते. कुलूप जरूर लावावे. पण यंदाच्या फलकावर कुलपांच्या यादीखाली एक ओळ वाढवावी, अशी आमची सूचना आहे: पुरावा हाती नसताना कोणावरही आळ घेऊ नये, आणि शेजारच्या घरावर आपल्या घराइतकेच लक्ष ठेवावे.